बिल्ला नव्वदचा, इंजिन शहात्तरचं: एका जुन्या पुंटोचं प्रकरण

आतेभावाचा फोन आला तेव्हा त्याने गाडी जवळजवळ घेतलीच होती. टोकन द्यायचं तेवढं बाकी. "दादा, २०१० ची फियाट ग्रँडे पुंटो मिळतेय. डिझेल, एमोशन, टॉप मॉडेल. आणि नव्वद एचपीवाली आहे. तू फक्त एकदा बघून घे." आमच्या घरात "फक्त बघून घे" याचा अर्थ "हो म्हण" असा असतो. ही २०१८ च्या दिवाळीआधीची गोष्ट.

त्याची गरज साधी होती. राहायला चिंचवडला, गाव कराडच्या अलीकडे. एक शनिवार सोडून एक गावी फेरी: स्वतः, बायको, दोन मुलं, आई, आणि येताना तांदळाचं पोतं. आधीची गाडी आठशे सीसीची पेट्रोल. खंबाटकीच्या पायथ्याला पोचलं की एसी बंद, काचा खाली, दुसरा गिअर. तेव्हा पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढावाच लागायचा, बोगदा फक्त परतीच्या वाहतुकीला होता. त्यामुळे घाट त्याच्या वाट्याला नेहमी भरल्या गाडीने आणि चढणीचाच यायचा. जास्त ताकदीची गाडी हवी, हे त्याने याच घाटात ठरवलं होतं.

जुन्या बाजारात "टॉप मॉडेल" आणि "पॉवरवालं मॉडेल" हे दोन शब्द एकाच श्वासात येतात. एजंट म्हणतो टॉप मॉडेल, आणि ऐकणारा मनातल्या मनात ताकदही वाढवून घेतो. पुंटोच्या बाबतीत हा घोळ जरा जास्तच होता आणि त्यात सगळा दोष एजंटचा नव्हता.

ग्रँडे पुंटो भारतात जून २००९ मध्ये आली. आपल्याच रांजणगावात, टाटा आणि फियाटच्या भागीदारीतल्या कारखान्यात ती बनायची. इंजिनं तीन. १.२ लिटर पेट्रोल, ६८ पीएस (पीएस हे ताकदीचं माप, जवळजवळ एचपीएवढंच). १.४ लिटर पेट्रोल, ९० पीएस. आणि १.३ लिटर मल्टीजेट डिझेल, ७६ पीएस. मॉडेलांची नावं वेगळी: ॲक्टिव्ह, डायनॅमिक, एमोशन. हे नाव सांगायचं आत काय काय मिळेल ते, म्हणजे एअरबॅग, अलॉय, म्युझिक सिस्टीम वगैरे. बॉनेटखाली काय आहे हे त्यावरून कळायचं नाही. ॲक्टिव्ह डिझेल आणि एमोशन डिझेल यांत पैशाचा फरक मोठा, इंजिनात फरक शून्य. उलट १.४ पेट्रोलही एमोशन आणि १.३ डिझेलही एमोशन, पण पहिल्यात ९० पीएस आणि दुसऱ्यात ७६. पुढे २०१० मध्ये फियाटने त्याच १.३ डिझेलचं जास्त ताकदीचं रूप पुंटोत दिलं, ९३ पीएसचं, आणि त्या गाडीचं नावच ठेवलं ९० एचपी. म्हणजे नव्वद हा आकडा या एका गाडीच्या यादीत दोन ठिकाणी येतो, एकदा पेट्रोलच्या रकान्यात आणि एकदा डिझेलच्या.

एजंटने मला व्हॉट्सॲपवर कंपनीच्या जुन्या माहितीपत्रकाचं पान पाठवलं. एमोशनच्या खाली ९० पीएस छापलेलं होतं, हे खरं. पण बोट होतं १.४ पेट्रोलच्या रकान्यावर.

मी त्याला म्हटलं, आधी आरसीचा फोटो पाठवा. त्यात उत्पादनाचा महिना दिसला: नोव्हेंबर २००९. पासिंग जानेवारीतलं, म्हणून बाजारात "२०१० ची". पण नोव्हेंबर २००९ मध्ये नव्वदवाली डिझेल पुंटो अजून आलेलीच नव्हती. प्रकरणाचा निकाल खरं तर इथेच लागला. बाकी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या असत्या तरी हे कळलं नसतं, कारण गाडीच्या मागच्या दरवाजावर चकचकीत "९० एचपी" असा बिल्ला होता. आरसीवरची घनक्षमता १२४८ सीसी, आणि ती दोन्ही इंजिनांची तीच. सीसी बघून ताकद ठरवणाऱ्याची इथे हमखास फसगत होते.

भाऊ ऐकेना. "पण दादा, बिल्ला आहे ना." मग म्हटलं, चल, डोळ्यांनी दाखवतो.

आता हे समजून घ्यायला दोन इंजिनांत नेमका फरक कुठे ते पाहावं लागेल. सिलिंडर चार, बोअर ६९.६ मिलिमीटर, स्ट्रोक ८२ मिलिमीटर, झडपा सोळा. इथपर्यंत दोन्ही भाऊ भाऊ. डिझेल इंजिनात ताकद वाढवायची तर जास्त डिझेल जाळावं लागतं, आणि ते नीट जळायला जास्त हवा लागते. ही हवा आत ढकलायचं काम टर्बोचं. ७६ च्या इंजिनात टर्बो साधा: धूर टर्बाइनवर, म्हणजे धुराने फिरणाऱ्या त्याच्या पंख्यावर, सोडणारी वाट एकाच मापाची. ती अरुंद ठेवली तर कमी आरपीएमला (मिनिटाला इंजिनच्या कमी फेऱ्या असताना) टर्बो लवकर जागा होतो, पण वर गेल्यावर धूर मावत नाही, म्हणून एक छोटं दार उघडून जादा धूर बाहेरून काढून द्यावा लागतो. त्याला वेस्टगेट म्हणतात. ९३ च्या इंजिनात टर्बाइनभोवती पात्यांचं कडं असतं आणि पाती फिरून वाट लहानमोठी होते. बागेला पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा ठेवून धार वाढवतो आणि दाब आला की अंगठा काढतो, तसंच. या टर्बोला बाजारात व्हीजीटी म्हणतात. त्यासोबत इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं डिझेल सोडण्याचं गणितही बदललेलं.

वेस्टगेट असो की पाती, ती हलवायला टर्बोला एक दांडी असते. ओळखायची युक्ती या दांडीत आहे. आमच्या ओळखीच्या मिस्त्रींच्या गॅरेजवर गाडी नेली. त्यांनी टॉर्च दिली आणि टर्बोच्या बाजूची, बोटभर लांब, एका डबीतून बाहेर आलेली दांडी दाखवली. "मी गाडी चालू करतो, तुम्ही हिच्याकडे बघा." व्हीजीटी असेल तर गाडी चालू होताच व्हॅक्यूम मिळतो, दांडी झटकन ओढली जाते, आणि बंद केली की परत येते. इथे गाडी तीनदा चालू-बंद केली. दांडी ढिम्म. वेस्टगेटची दांडी नुसत्या आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, हलायचं कारणच नाही. चौथ्यांदा भावाने स्वतः वाकून पाहिलं, चष्मा पुसला, आणि मग एजंटकडे पाहिलं. एजंट म्हणाला, "साहेब, माझ्याकडे आली तेव्हापासून बिल्ला तसाच आहे." असेलही. असे बिल्ले दुकानात सुटे मिळतात आणि आधीच्या मालकाला हौस असू शकते.

मिस्त्रींनी लॅपटॉप जोडून फियाटसाठीचं मल्टीईसीयूस्कॅन हे तपासणीचं सॉफ्टवेअर लावलं आणि टर्बोचा दाबही पाहिला. त्यातही तेच निघालं. गाडी मात्र निरोगी होती. धूर नाही, गळती नाही, टायमिंग चेनचा खडखडाट नाही. "इंजिन चांगलंय, नाव खोटंय," असं मिस्त्री म्हणाले, आणि माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात अचूक वाक्य तेच होतं.

भावाचा पुढचा प्रश्न रास्त होता: मग सतरा पीएसनं असं काय बिघडतं?

छापील आकडे असे. ७६ पीएस ४००० आरपीएमला, टॉर्क (म्हणजे फिरवण्याचा जोर) १९७ न्यूटन-मीटर १७५० ला. दुसऱ्यात ९३ पीएस ४००० ला, टॉर्क २०९ न्यूटन-मीटर २००० ला. टॉर्क पाहिला तर फरक बाराचा, म्हणजे सहा टक्के. पॉवर पाहिली तर बावीस टक्के. एकाच इंजिनाचे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी कशा सांगतात? पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. किलोवॅट आणि न्यूटन-मीटर घेतले तर भागायचं ९५४९ ने. ७६ पीएस म्हणजे सुमारे ५६ किलोवॅट. चार हजारला तेवढी पॉवर असेल तर त्या ठिकाणी टॉर्क निघतो साधारण १३३. ९३ पीएस म्हणजे ६८.४ किलोवॅट, टॉर्क १६३. म्हणजे खाली, दोन हजारच्या आसपास, दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्या ओढतात. वर गेल्यावर साध्या टर्बोच्या गाडीचा दम सुटतो आणि तीस न्यूटन-मीटरची दरी पडते. सगळा फरक वरच्या मजल्यावर आहे. सिग्नलवरून उठताना तो जाणवणार नाही. उलट ७६ वाली अडीचशे आरपीएम आधीच पूर्ण टॉर्क देते. पिंपरीच्या गर्दीत ती अंगावर जास्त मोकळी वाटली तर नवल नाही.

घाटाचं काय? इथे मी कागदावर ढोबळ हिशेब मांडला. माणसं, सामान धरून गाडी दीड हजार किलो. चढ पाच टक्के. वेग ऐंशी. नुसतं वर चढायला सोळा किलोवॅट, हवा कापायला आणि टायरच्या घर्षणाला मिळून आठ-नऊ. एकूण पंचवीस. इंजिनच्या पूर्ण ताकदीतले दहा टक्के गिअरबॉक्स वगैरेत गेले असं धरलं तर चाकांना एका गाडीत पन्नास किलोवॅट मिळतात, दुसरीत साडेएकसष्ट. गरज भागून उरतात पंचवीस आणि साडेछत्तीस. ट्रकला ओव्हरटेक करायला कामी येते ती ही उरलेली ताकद, आणि तिच्यातला फरक दीडपटीच्या जवळ जातो. छापील बावीस टक्के, भरल्या गाडीत चढावर जवळपास दीडपट. म्हणून घाटावर नव्वदवाली चालवलेले लोक तिचं कौतुक करतात तेव्हा ते फुगवून सांगत नसतात.

पण त्यात एक मेख आहे. ही सगळी ताकद मिळते इंजिन चार हजारच्या आसपास ताणलं तर. माझा भाऊ डिझेल गाडी अडीच हजारच्या वर नेत नाही. त्याला वाटतं इंजिन दुखतं.

मी त्याला म्हटलं, खरी नव्वदवालीही एकदा चालवून बघू. शोधल्यावर कोथरूडमध्ये एक सापडली, २०११ ची, एका निवृत्त काकांची. सोळा इंची चाकं, आतून कोरी, किलोमीटर अगदी कमी. काकांनी सर्व्हिसची बिलं तारखेनुसार फाइलला लावून ठेवली होती. भावाने ती फाइल पाहिली आणि तो तिथेच विरघळला.

दोन्ही गाड्या आम्ही कात्रजच्या जुन्या घाटात नेल्या, आणि रिकाम्या नाही: भाऊ, मी, मिस्त्री, त्यांचा पोरगा, डिकीत चाळीस किलो तांदूळ. गाडी घेणारा एकटा बसून सोसायटीच्या गेटपर्यंत चक्कर मारतो आणि म्हणतो पिकअप मस्त आहे, त्याला काय अर्थ?

शहात्तरवाली तिसऱ्या गिअरमध्ये सतराशेच्या खाली गेली की मेल्यासारखी व्हायची. दुसरा टाकला की जिवंत. गिअरवर हात ठेवून बसावं लागत होतं. पण एकदा हे समजल्यावर तिने कुठेच दगा दिला नाही, एसी चालू ठेवूनही. भावाच्या चेहऱ्यावर मला तिथेच अर्धा होकार दिसला.

नव्वदवालीने पहिल्या दोन वळणांत फरक दाखवला. दोन हजारच्या खाली तीही सुस्तच होती, किंबहुना थोडी जास्तच, पण अडीच हजारच्या पुढे काटा चढत गेला आणि ओढ कमी झाली नाही. मिस्त्रींचा पोरगा मागून "भारी" म्हणाला. आणि बोगद्याच्या थोडं अलीकडे, पूर्ण ॲक्सिलरेटर असताना, गाडीचा जीवच गेला. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा. गाडी चालू होती, पण टर्बो नसल्यासारखी. बाजूला घेऊन बंद केली, एक मिनिट थांबून परत चालू केली, पुन्हा व्यवस्थित.

याला गॅरेजवाले लिंप मोड म्हणतात. कॉम्प्युटरने मागितलेला दाब आणि प्रत्यक्षातला दाब जुळला नाही की तो ताकद कापून इंजिन वाचवतो. कारण मिस्त्रींनी उतरायच्या आधीच सांगितलं: पाती अडकताहेत. काकांची गाडी सात वर्षं कोथरूड ते डेक्कन एवढीच फिरली होती. इंजिन धड तापत नाही, पाती ठरावीक जागीच राहतात, काजळी बसते. त्या कमी किलोमीटरचं आम्हाला कौतुक वाटत होतं, दुखणं त्यातूनच आलं होतं. साध्या टर्बोत अडकायला पातीच नाहीत. टर्बो उतरवून साफ केला तर भागेल, नाहीतर बदलावा लागेल, आणि बदलायचा तर त्या इंजिनाचा टर्बो महाग. काकांना हे आम्ही सांगितलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं, कारण पूर्ण ॲक्सिलरेटर त्यांनी बहुधा कधी दाबलाच नव्हता.

इथे थोडं विषयांतर. हे १.३ मल्टीजेट इंजिन त्या काळी रस्त्यावर जिकडेतिकडे होतं. मारुतीच्या स्विफ्टमध्ये ७५ पीएसचं, टाटाच्या इंडिका व्हिस्टामध्ये ७५ चं. तेच इंजिन फियाट लिनियात ९३ चं, इंडिगो मँझात ९० चं, एसएक्स ४ मध्ये ९० चं. यादी नीट पाहा: छोट्या गाड्यांना साधा टर्बो, डिकीवाल्या मोठ्या गाड्यांना व्हीजीटी. माझं मत विचाराल तर हा अभियांत्रिकीपेक्षा किमतीच्या शिडीचा मामला होता. करात काही अडसर नव्हता. चार मीटरच्या आतली गाडी आणि दीड लिटरच्या आतलं डिझेल असलं की छोट्या गाडीची अबकारी सवलत मिळायची, मग ताकद ७६ असो की ९३. पुंटोची लांबी ३९८७ मिलिमीटर, म्हणजे तेरा मिलिमीटरने वाचलेली. सवलत हुकली ती १.४ पेट्रोलची, कारण पेट्रोलला मर्यादा बाराशे सीसीची. म्हणून ९० पीएसची पेट्रोल पुंटो महाग पडली आणि फारशी दिसली नाही. पुंटोला डिझेलमध्ये ९३ देऊन फियाटने ती शिडी स्वतःच मोडली, हे मला आवडतं. टाटाने व्हिस्टाला नव्वद दिले ते थेट २०१३ मध्ये.

परत भावाकडे. मधल्या काळात त्याला कुणीतरी सांगितलं होतं की ७६ वालीला "रीमॅप मारून" एका दिवसात नव्वद करून मिळते. मिळतेही. कॉम्प्युटरमधलं गणित बदलून डिझेल आणि दाब वाढवता येतो. पण टर्बो तोच छोटा राहतो. वर हवा पुरत नाही, मग काळा धूर, वाढलेलं तापमान आणि नऊ वर्षं जुन्या क्लचवर वाढीव भार. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेपासून गाडी अशी बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकू शकतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला निमित्तच. मी नको म्हटलं. मिस्त्रींनी तर हात जोडले.

उरला दोन गाड्यांचा प्रश्न. काकांनी नंतर स्वतःहून किंमत कमी केली, टर्बोच्या खर्चाइतकी. मला ती घ्यावीशी वाटत होती, हे कबूल करतो. माझा पाय जड आहे. पण चालवणार मी नव्हतो. महिन्यातून दोनदा खंबाटकी, उरलेले दिवस चिंचवड ते भोसरी आठ किलोमीटर, अडीच हजारच्या वर कधी नाही: अशा हातात व्हीजीटी गेली तर ती काकांच्या गाडीच्याच वाटेने जाणार. भावाला मी एवढंच विचारलं की घाटात दुसरा गिअर टाकायला तुझी हरकत आहे का. तो म्हणाला, "आठशे सीसीत काय टाकत होतो?"

एजंटने नव्वदवालीचा भाव लावला होता. दोन मॉडेलांच्या चालू भावात तेव्हा चाळीसेक हजारांचा फरक निघत होता. आम्ही आरसीवरचा उत्पादनाचा महिना त्याच्यापुढे ठेवला आणि दांडीचा व्हिडिओ दाखवला. त्याने आधी पंधरा सोडले, मग चहा मागवला, मग अठ्ठावीस. व्यवहार झाला. काकांची गाडी पुढे मिस्त्रींच्याच एका गिऱ्हाइकाने घेतली. तो दर आठवड्याला मुंबईला जातो. टर्बो उतरवून साफ केला, त्यानंतर तक्रार आली नाही म्हणतात.

बिल्ला काढायचं काम भावाच्या बायकोने केलं. केस वाळवायच्या ड्रायरने गरम करून, दोऱ्याने घासत. तो निघाला, पण खालचा रंग उन्हात न फिकटल्यामुळे ९० हा आकडा दरवाजावर अजून पुसट वाचता येतो. गाडी धुतल्यावर जास्त.